हेलिपॅडवाले रामटेके काका

रामटेके काकांनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा नाव विचारलं नाही, बस म्हटलं नाही. चपलेपासून वेणीपर्यंत एकदा नजर फिरवली आणि आतल्या खोलीकडे तोंड करून सांगितलं, "एकोणपन्नास. पर्स धरून पन्नास."

मी एका हेलिकॉप्टर कंपनीत नोकरीच्या मुलाखतीला गेले होते. बावीस वर्षांची होते, आणि बावीस वर्षांत माझं वजन असं कोणी चारचौघांत जाहीर केलं नव्हतं. आतून मॅनेजरसाहेब म्हणाले, "काका, ये इंटरव्ह्यूवाली है, पॅसेंजर नहीं." त्यावर काकांनी माझ्याकडे पुन्हा पाहिलं आणि जरा काळजीनं विचारलं, "घरी जेवत नाही काय वं पोट्टे?"

परत येताना मी रागारागानं एका औषधांच्या दुकानाबाहेरच्या काट्यावर उभी राहिले. काटा पन्नासवर थांबला. पर्स खांद्यालाच होती.

घरी बाबांना सांगितलं तर ते हसत सुटले. बाबा रेल्वेत होते, आणि रेल्वेतला माणूस दुसऱ्या रेल्वेवाल्याला वासावरून ओळखतो. "तो पार्सलचा रामटेके असंन," ते म्हणाले. "गुढियारीचे व्यापारी त्याले घाबरत. पोत्याचा एक कोपरा दोन बोटांनी उचले अन् वजन सांगे. मग काट्यावर चढवलं का तेवढंच." नंतर पार्सल ऑफिसात इलेक्ट्रॉनिक काटा आला, आणि रामटेक्यांनी निवृत्ती घेऊन टाकली. आकडा भिंतीवर लाल अक्षरात आपोआप उमटतो, तिथं आपण फक्त उभं राहायचं, हे त्यांना मानवलं नाही.

हे सगळं रायपूर नव्या राज्याची राजधानी झालं, त्या पहिल्या काही वर्षांतलं. मंत्रालय एका जुन्या दवाखान्याच्या इमारतीत बसलं होतं. रस्ते तेच होते, सदर बाजारातली स्कूटरींची कोंडी तीच होती, पण लोकांना घाई मात्र नवीन लागली होती. ज्याला त्याला हेलिकॉप्टर पाहिजे होतं. आमच्या कंपनीकडे ते एकच होतं. त्याशिवाय फौजेतून निवृत्त झालेले एक कॅप्टनसाहेब, एक इंजिनियर, एक मॅनेजर, बुकिंगच्या टेबलावर मी, आणि रामटेके काका. मी फोन उचलायचे. पलीकडे कधी सभेला निघालेला पुढारी असायचा, कधी वरात, कधी लोखंडाच्या खाणी शोधायला हेलिकॉप्टरखाली लांबलचक यंत्र लटकवून फिरणारे सर्व्हेवाले, कधी पेशंटला तातडीनं नागपूरला न्यायला निघालेले नातेवाईक.

हेलिकॉप्टर कुठेही उतरू शकतं अशी लोकांची समजूत असते. ते कुठेही उतरू शकावं म्हणून आदल्या दिवशी जीपनं तिथं एक माणूस जातो. तो मैदान शोधतो, दगड वेचतो, तारा कुठून गेल्या ते बघतो, धूळ बसावी म्हणून टँकर मागवून पाणी मारतो, चुन्यानं गोल काढून मधे एच लिहितो आणि ऐन वेळी त्या एचवर बसलेल्या म्हशीला उठवतो. आमच्याकडे हा माणूस म्हणजे काका. शिवाय कोण बसणार, किती वजनाचे, सामान किती, याचा हिशेबही त्यांच्याकडेच. "रेल्वेत वजन चुकलं तर दंड होते," ते म्हणायचे. "इथं चुकलं तर तेरवी होते."

हेलिकॉप्टरला ते हेलिकॉप्टर म्हणत नसत. 'पोट्टी' म्हणत. मलाही पोट्टीच म्हणत. यातून एकदा असं झालं, की मी कामावर असताना ऑफिसचा फोन लागेना म्हणून त्यांनी आमच्या घरच्या फोनवर निरोप ठेवला, "वर्षाले सांगजा, पोट्टीनं सकाळपासून काही घेतलं नाही, दोन बॅरल लागतीन." निरोप हेलिकॉप्टरच्या इंधनाचा होता आणि मला पोचवायचा होता. आईनं घेतला तो एवढाच, की पोरीनं सकाळपासून काही खाल्लं नाही. तासाभरात माझा भाऊ चार डब्यांचा टिफिन घेऊन माना विमानतळाच्या गेटवर उभा. "मम्मीने बोला दो बॅरल तो नहीं है, इतना ही है," तो म्हणाला. काकांनी तो टिफिन हातात धरला, "दोन किलो शंभर" म्हणाले, आणि इंजिनियरला हाक मारून अर्धा फस्त केला.

वजनाच्या बाबतीत ते कोणाची पत्रास ठेवत नसत. निवडणुकीच्या दिवसांत एक मोठे नेते आले. दिल्लीत त्यांचा शब्द चालतो असं सगळे सांगत. काकांनी गोणपाटात गुंडाळलेला काटा काढला आणि त्यांच्या पायाशी ठेवला. नेत्यांचा पीए लालबुंद झाला. "साहब का वजन करोगे?" काका शांतपणे म्हणाले, "दिल्ली में साहब का वजन कितना है वो आप देखो. मेरे को यहाँ का चाहिए." मग नेतेच हसले आणि काट्यावर चढले. एकशे सहा. काकांनी त्यांना चढू दिलं आणि पीएला खाली ठेवलं. पीए मागून काकांच्याच जीपनं आला आणि सगळ्या रस्त्यात काकांशी बोलला नाही. काकांना ते कळलंच नाही. ते खिडकीतून बाहेरचा वारा बघत होते.

वारा हा त्यांचा दुसरा नाद. चिमूटभर माती उचलायची, बोटांतून सोडायची, ती कुठं जाते ते पाहायचं. ऑफिसात माती नसली तर माझ्या टेबलावरची पावडर. कोणी विचारलं तर उत्तर ठरलेलं, "वारा कोनाच्या बापाचा नाही."

याचा पडताळा एका पक्षाला भर सभेत आला. एका लहान गावात त्यांचे पाहुणे मंचावर चढताना वरून पुष्पवृष्टी करायची होती. कार्यकर्त्यांनी झेंडूची पोती आणून दिली. काकांनी पोती उचलून पाहिली आणि म्हणाले, "ओले आहेत. अन् हार तसेच घातले यानं. डोक्यात पडला तं पाहुना आडवा होईन." मग स्वतः बसून दुपारभर पाकळ्या सोडवल्या, ताडपत्रीवर वाळवल्या. आणि निघायच्या आधी माती सोडून पाहून कार्यकर्त्यांच्या प्रमुखाला सांगितलं, "भैया, हवा पश्चिम से है. मंच के ऊपर नहीं, मंच के पहले डालना पडेगा." प्रमुखाला ते अपशकुनासारखं वाटलं. साहेब पाय ठेवतील त्या क्षणी, साहेबांच्या बरोब्बर डोक्यावर, यापेक्षा कमी काही त्याला चालणार नव्हतं. पाकळ्या टाकायला वर बसणारही तोच होता.

त्यानं बरोब्बर डोक्यावर टाकल्या. पाकळ्या हवेत थोडा वेळ थांबल्या, विचार केल्यासारख्या, आणि तलावापलीकडे निघून गेल्या. तिथं त्याच वेळी विरोधी पक्षाची सभा चालली होती. तिथल्या वक्त्याच्या अंगाखांद्यावर झेंडू बरसला. त्यानं आभाळाकडे हात जोडले आणि माइकवरून सांगितलं, की आता तर वरच्यानंही कौल दिला. अलीकडचे लोक पलीकडे काय चाललंय ते बघायला तलावाच्या बांधावर गेले, ते परत आलेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी मला त्या विरोधी पक्षाच्या कचेरीतून फोन आला. "मॅडम, एक फूलवाली बुकिंग करनी है. आदमी वही भेजना."

पण सिलतऱ्याचं लग्न याहून वरचढ होतं. सिलतऱ्याला स्पंज आयर्नचे कारखाने. तिथं झाडाचं पान पुसून पाहिलं तर बोट काळं होतं. एका कारखानदाराच्या मुलाला हेलिकॉप्टरनं मांडवात उतरायचं होतं. काका आदल्या दिवशी जाऊन जागा पाहून आले आणि म्हणाले, "तीन टँकर पानी लगेगा. और मंडप दो सौ कदम पीछे लो." नवरदेवाचे फुफाजी, म्हणजे आत्याचे यजमान, सगळ्या व्यवस्थेचे मुखत्यार होते. त्यांनी विचारलं, "दूर से दिखेगा क्या?" मांडव हलला नाही. टँकर एकच आला, त्याचंही अर्धं पाणी हलवायानं भांडी धुवायला घेतलं.

काकांनी मला त्या दिवशी सोबत नेलं होतं, पाहुण्यांची यादी सांभाळायला. मांडवात सगळ्यांचे पोशाख पांढरे आणि मोतिया. कोणीतरी मासिकात पाहून तसा बेत ठरवला होता. काका फुफाजींकडे तीनदा गेले. तिसऱ्यांदा फुफाजी म्हणाले, "काका, आप टेन्शन बहुत लेते हो." मग काका माझ्याजवळ आले, खिशातून मोठा रुमाल काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "तोंड बांध. अन् त्या खांबामागं उभी राह्य."

हेलिकॉप्टर आलं. आधी टाळ्या वाजल्या. मग जमीन उठली.

मी रुमालाच्या फटीतून पाहिलं ते एवढंच, की मांडवाचं छत एका बाजूनं सुटून पतंगासारखं उभं झालं आहे, बँडवाल्याच्या तोंडातून तुतारी निघून गेली आहे आणि तो अजून गाल फुगवून उभा आहे. पंखा थांबला तेव्हा चारशे माणसं काळी होती. हेलिकॉप्टरचं दार उघडून नवरदेव उतरला, दुधासारखा स्वच्छ, आणि आपल्या आईला ओळखू शकला नाही. "मम्मी कहाँ है?" त्यानं तिलाच विचारलं. त्या लग्नाच्या फोटोत नवरदेव शोधावा लागत नाही. तेवढाच एक उजळ आहे. पंगतीत रसगुल्ले वाढले तेव्हा लोक गुलाबजाम म्हणून घेत होते.

फुफाजी रुसून एका खुर्चीवर बसले. डोळ्यांत कण गेले होते, पाणी गळत होतं. काका बादली घेऊन त्यांच्याजवळ गेले. मला वाटलं, आता ऐकवणार. त्यांनी फुफाजींची हनुवटी वर केली, ओंजळीनं डोळे धुतले, आपल्या धोतराच्या मऊ कापडानं एकेक कण टिपला. जाताना एवढंच म्हणाले, "वारा कोनाच्या बापाचा नाही, भाऊसाहेब." फुफाजींना मराठी समजत नव्हतं. त्यांनी मान डोलावली.

असं ते नेहमीच करत. हेलिकॉप्टर उडून गेलं, लोक पांगले, की काका जवळच्या पाऱ्यात, म्हणजे वस्तीत, शिरत. बाभळीला अडकलेल्या साड्या काढून देत. एकदा एका म्हातारीच्या खाटेवर वाळत टाकलेल्या कोहळ्याच्या वड्यांवर धूळ उडाली, तर त्या खाटेशी बसून त्यांनी वडी-वडी पुसली. जीपचा ड्रायव्हर हॉर्न वाजवत राहिला. या वेळी ते त्या घरातल्या सगळ्यांची नावं, कोणाला किती मुलं, विहिरीला पाणी किती, सगळं विचारून घेत. स्वतःच्या घराबद्दल मात्र दोन वर्षांत काही बोलले नव्हते. आम्हीही विचारलं नव्हतं. इतका बोलणारा माणूस, त्याच्या घरी गोकुळ असणार, असंच धरून चाललो होतो.

मग त्या वर्षी भादव्यात कांकेरच्या पुढे जंगलात एका नदीला पूर आला आणि पलीकडची गावं तुटली. औषधं आणि मीठ पोचवायला सरकारनं आमचं हेलिकॉप्टर घेतलं. तिकडे आधी जीप जाऊच शकत नव्हती, म्हणून काका हेलिकॉप्टरमधूनच गेले. कॅप्टनसाहेबांनी जमिनीपासून कमरेइतकं खाली आणायचं, काकांनी उडी मारून गुरं हाकलायची, मग उतरायचं. तीन गावं अशी झाली. चौथ्या गावात काय झालं ते मला कॅप्टनसाहेबांनी आणि सोबत गेलेल्या नर्सनं, आम्ही सिस्टर म्हणत असू, दोघांनी वेगवेगळं सांगितलं, पण गोष्ट एकच होती.

एक बाई दोन दिवसांपासून बाळंतपणात अडली होती. नवरा मजुरीला नदीच्या अलीकडे आलेला, अडकलेला. जवळ फक्त तिची आई. सिस्टरनं तपासलं आणि सांगितलं, आज ऑपरेशन झालं नाही तर दोघंही जातील, थेट रायपूरला न्यायचं. मागच्या बाकावर बाईला आडवं केलं. तिच्या डोक्याशी सिस्टर गुडघे दुमडून बसली. राहिली पुढची एक जागा, काकांची.

म्हातारीनं लेकीचा हात धरला होता, तो सोडेना. गावकरी तिला समजावत होते. तिला वाटत होतं, या आभाळातल्या लोखंडात पोरगी घातली म्हणजे ती गेली. पंखा फिरत होता, पश्चिमेकडून ढग येत होते. कॅप्टनसाहेबांनी घड्याळ पाहिलं.

काका उतरले. म्हातारीला धरून आपल्या जागेवर बसवलं, पट्टा बांधला, तिचे पाय आत घेतले.

"काका, मौसम बंद हो रहा है," कॅप्टनसाहेब म्हणाले. "मैं कल आ पाऊँगा या नहीं, पता नहीं."

"तो परसों आओ," काका म्हणाले. "यहाँ मेरे को कौन खा रहा है."

आणि नेहमीसारखे हात वर करून, वाकून मागे सरकत गेले, उडायची खूण करत.

हेलिकॉप्टर रायपूरला वेळेत पोचलं. मुलगी झाली. आई वाचली. पण तिकडे पाऊस असा बसला, की पाच दिवस कोणाला उडता आलं नाही. मॅनेजरसाहेबांनी मला सांगितलं, "वर्षा, तुम गुढियारी में रहती हो ना, काका के घर बता के आओ."

मी गेले. माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर, रेल्वेच्या भिंतीला लागून दोन खोल्या. दाराला कुलूप. दोरीवर एक टॉवेल, एक शर्ट. शेजारची बाई सूप घेऊन तांदूळ पाखडत होती. मी सांगितलं, काका अडकलेत, काळजी करू नका म्हणून घरी कळवायचं आहे.

"किसको बताओगी, बेटी?" ती म्हणाली. "अकेले रहते हैं. दीदी को गए तो बहुत साल हो गए. बालबच्चा हुआ नहीं." मग सूप थांबवून म्हणाली, "मेरे को बता दिया ना. चलेगा."

सहाव्या दिवशी नदी उतरली. काका आठ कोस चालत रस्त्याला लागले आणि वनखात्याच्या ट्रकवर बसून आले. ऑफिसात आले नाहीत, घरीही गेले नाहीत. दुसऱ्या दिवशीही आले नाहीत. मॅनेजरसाहेबांना वाटलं तापानं पडले असतील. मला वाटलं, त्या बाळंतिणीला ठेवलंय त्या दवाखान्यात एकदा बघावं. आईनं भाकरी आणि वांग्याची भाजी बांधून दिली.

सरकारी दवाखान्याच्या बाळंतिणींच्या वॉर्डाबाहेर लांब व्हरांडा आहे. त्याच्या टोकाला जमिनीवर काका बसले होते, दाढी वाढलेली, पायांच्या बोटांत चिखल्या झालेल्या. शेजारी ती म्हातारी. दोघांच्या मधे चहाचे दोन रिकामे पेले. मी खांबाजवळ थांबले, कारण म्हातारी बोलत होती, बराच वेळ, हातवारे करून, आणि काका मान हलवत होते. मग ती थांबली. मग काका बोलायला लागले, हळू, खाली बघत, आणि ती मान हलवायला लागली.

मी जवळ गेले. डबा ठेवला.

"काका, तुम्हाले गोंडी येते?"

"नाही वं."

"मग तिले मराठी येते?"

"तिले हिंदीही नाही येत."

"मग एवढं काय बोलून राहिले दोघं?"

ते जरा लाजले. चिखल्यांवर बोट फिरवत म्हणाले, "ती तिचं सांगते. मी माहं सांगतो."

"तुम्ही काय सांगता?"

आतून कोणाचं तरी बाळ रडलं, म्हातारीनं मान वळवून ऐकलं, आपलं नाही असं कळल्यावर परत वळली.

"शांताचं," काका म्हणाले. "माह्या मंडळीचं. कशी भांडे, कशी हासे, भाजीत मीठ कसं इसरे. अकरा वर्षं झाले तिले जाऊन. ज्याले समजते त्याले सांगाले जावं, तं तो बिचारा मधातच समजूत काढाले बसते. मंग मीच बंद केलं सांगनं. हिले काही समजत नाही. आइकते फक्त."

म्हातारीनं आमच्याकडे आळीपाळीनं पाहिलं. मग ती थोडी सरकली, आपल्या बाजूची फरशी पदरानं पुसली आणि मला हातानं खुणावलं. मी बसले. तिनं माझा हात आपल्या मांडीवर घेतला आणि बोलायला लागली. लेकीबद्दल असेल, नदीबद्दल असेल, आभाळातून आल्याबद्दल असेल. मला त्यातला एकही शब्द कळला नाही. ती थांबली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली, तेव्हा मी इकडची माणसं होकार देतात तसं हळूच म्हटलं, "हव."

ती पुढे सांगायला लागली.